विद्यापीठीय विद्यार्थ्यांचे मानसिक स्वास्थ्य : समान हेतूंचा शोध आणि वैद्याचे कर्तव्य

प्रस्तावना

स्वस्थ पुरुषाचे वर्णन करताना सुश्रुताचार्यांनी दोष, अग्नी, धातू व मलक्रिया यांच्या साम्याबरोबरच आत्मा, इंद्रिये आणि मन यांची प्रसन्नताही आवश्यक मानली आहे. आपण सर्वांनी हे पहिल्याच वर्षी पाठ केले. परंतु चिकित्सालयात रुग्णांची रांग लागली की नाडी, जिव्हा, क्षुधा, मलप्रवृत्ती एवढे विचारून लेखणी उचलली जाते आणि मनाविषयीचा प्रश्न राहून जातो. महाविद्यालयीन वयातील रुग्णांच्या बाबतीत ही चूक किती महाग पडू शकते, याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने स्वतः घेतला आहे. तो अनुभव आणि त्यानंतर केलेला विचार वैद्यबंधू-भगिनींपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

राजुरा हे वर्धा नदीच्या पलीकडचे तालुक्याचे गाव. पूर्वी हैदराबाद राज्यात असलेला हा भाग १९५९ मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्याला जोडला गेला. त्यामुळे येथे मराठीबरोबर तेलुगू सहज ऐकू येते आणि जिवतीच्या पहाडावर गोंडी व कोलामी या मातृभाषा आहेत. एका बाजूला कोळसा खाणी आणि सिमेंटचे कारखाने, दुसऱ्या बाजूला कापसाची शेती आणि जंगल, अशा या भागातील मुले पदवी शिक्षणासाठी राजुरा, बल्लारपूर, चंद्रपूर येथे येतात. २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे नागपूर विद्यापीठापासून वेगळे होऊन त्याच्या कक्षेत आले. उच्च शिक्षण दाराशी आले ही मोठीच सोय झाली. आज येथील अनेक घरांतील पहिला पदवीधर याच विद्यापीठातून घडत आहे. परंतु घरातील पहिला विद्यार्थी असणे हे अभिमानाचे असते तसे ते ओझेही असते.

एक रुग्णवृत्त

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून हे वृत्त देत आहे. पहाडावरच्या एका गावातील, कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी एका पावसाळ्यात माझ्याकडे आला. तक्रार एकच : भूक लागत नाही, पोट जड राहते. जिव्हा साम होती, मलावष्टंभ होता. अग्निमांद्य असे निदान करून दीपन-पाचन औषध दिले. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. आता डोके दुखत होते आणि झोप लागत नव्हती. औषध बदलले. तिसऱ्या वेळी वजन कमी झाल्याचे दिसले. रक्त तपासले, त्यात विशेष काही आढळले नाही. मी त्याला वेळेवर जेवण्याचा उपदेश करून पाठवले.

चौथ्या वेळी तो आलाच नाही. आला तो त्याच्याच खोलीत राहणारा मित्र. म्हणाला, “डॉक्टरसाहेब, तुम्ही त्याले भुकेचं औषध देऊन राहिले, पण त्याचं मनच जाग्यावर नाही. सायकल देऊन टाकली, पुस्तकं देऊन टाकली. रात्री म्हणते, आता आपलं काही काम नाही.”

चिकित्सालय बंद करून मी त्याच्या खोलीवर गेलो. तासाभराने तो बोलता झाला. दोन पेपर राहिले होते, पण घरी त्याने उत्तीर्ण झाल्याचे सांगितले होते. शिष्यवृत्तीची रक्कम जमा झाली नव्हती आणि खोलीचे तीन महिन्यांचे भाडे थकले होते. वडिलांनी कापसासाठी घेतलेले कर्ज अंगावर होते. पहिल्या वर्षापासून एका विषयाचे इंग्रजीतले टिपण त्याला समजतच नव्हते, पण विचारण्याची लाज वाटत होती. मेसचे पैसे वाचवण्यासाठी तो रात्री फक्त चहा-बिस्किटांवर राहत होता. ही सर्व माहिती पहिल्याच भेटीत मिळू शकली असती. ती मी विचारली नव्हती, एवढेच.

त्याच दिवशी मित्राला सोबत घेऊन त्याला चंद्रपूरला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. उपचार सुरू झाले. एक वर्ष त्याचे शिक्षण खंडित राहिले. पुढे तो परत आला आणि पदवीधर झाला. हे वृत्त सुखान्त आहे, परंतु त्याचे श्रेय माझ्या निदानाला नाही, त्याच्या मित्राला आहे.

समान हेतू शोधण्याची दृष्टी

यानंतर मी या वयाच्या रुग्णांकडे वेगळ्या दृष्टीने पाहू लागलो. पूर्वी माझ्या मनात सहज येत असे की हा मुलगा अल्पसत्त्व आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात दशविध परीक्षेत सत्त्वाचे प्रवर, मध्यम व अवर असे भेद आहेत आणि ते चिकित्सेत उपयोगी आहेत यात शंका नाही. परंतु त्याच विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात अग्निवेशाने एक मूलगामी प्रश्न विचारला आहे : प्रकृती, आहार, बल, सत्त्व, वय हे सर्व भिन्न असताना अनेक माणसांना एकाच वेळी सारखाच व्याधी कसा होतो? त्यावर आत्रेयांचे उत्तर असे की, जे घटक सर्वांना समान आहेत, ते बिघडले असले पाहिजेत.

हा विचार येथे लागू केला पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद असून त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होत्या, आणि ती संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. इतकी मुले जन्मतः अवर सत्त्वाची होती असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. व्यक्तीची प्रकृती महत्त्वाची आहेच, पण सर्वांना समान असलेले हेतू कोणते, हा प्रश्न आधी आला पाहिजे.

हेतुविचार

१. आहार : सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत. गाव सोडून खोली घेणाऱ्या विद्यार्थ्याचे हे तिन्ही खांब एकाच महिन्यात हलतात. पहिला आहार. घरची ज्वारीची भाकर, वरण, भाजी सुटते. मेसचे पैसे पुरत नाहीत म्हणून एक वेळचा डबा दोन वेळा पुरवला जातो. सकाळी उपाशीपोटी चहा आणि नंतर खर्रा. आपल्या विदर्भात खर्ऱ्याने भूक मारण्याची जी सवय आहे, ती या वयात लागली की सुटत नाही. तंबाखूने काही क्षण उत्तेजना येते आणि ती ओसरल्यावर बेचैनी वाढते, ही बाब मुलांना सांगितली जात नाही. याच्या उलटही घडते. मात्रेत घेतलेले पथ्यकर अन्नसुद्धा चिंता, शोक, भय, क्रोध, दुःखकर शय्या आणि जागरण यांमुळे पचत नाही, असे विमानस्थानात स्पष्ट म्हटले आहे. माझ्या रुग्णाचे अग्निमांद्य खरे होते, पण त्याचे मूळ चिंतेत होते.

२. निद्रा : सुख-दुःख, पुष्टी-कृशता, बल-दौर्बल्य, ज्ञान-अज्ञान एवढेच नव्हे तर जीवनही निद्रेवर अवलंबून असल्याचे चरकाचार्य सांगतात. आमच्याकडे पदवीचा अभ्यास करतानाच पोलीस भरती, वनरक्षक भरती किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले पुष्कळ. ती रात्री उशिरापर्यंत अभ्यासिकेत बसतात आणि पहाटे पाचला मैदानावर धावायला जातात. मधल्या वेळेत मोबाइल हातात असतो. चार-साडेचार तासांच्या झोपेवर काही महिने काढल्यानंतर जी चिडचिड, विस्मृती व उदासी येते, तिला मुले ‘डोकं चालत नाही’ असे म्हणतात आणि आपल्याकडे बुद्धिवर्धक औषध मागायला येतात.

३. ब्रह्मचर्य : या तिसऱ्या उपस्तंभाचा अर्थ इंद्रियांचा आणि मनाचा संयम असा व्यापक घ्यावयाचा आहे. परंतु त्याच्या विपरीत अर्थाने फार हानी झाली आहे. ‘धातू जातो’ ही तक्रार घेऊन येणारे तरुण आपल्याकडेच अधिक येतात. स्वप्नदोष ही या वयातील नैसर्गिक घटना आहे, हे सांगण्याऐवजी भीती वाढवून महागडी औषधे विकणारे भिंतीभिंतीवर जाहिराती करतात. अशा मुलाला दहा मिनिटे शांतपणे समजावून सांगणे हेच अनेकदा पूर्ण औषध ठरते. विद्यार्थिनींची कुचंबणा वेगळी. पेपर राहिले तर यंदाच लग्न, हे वाक्य घरातून ऐकून आलेली मुलगी परीक्षेच्या आधी छातीत धडधड होते म्हणून येते, तेव्हा तिचे भय एका परीक्षेपुरते नसते.

४. मनाच्या विषयांचा अतियोग व मिथ्यायोग : इंद्रियांप्रमाणेच मनाच्या चिन्त्यादी विषयांचाही सम, अति, हीन व मिथ्या योग होतो, हे सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे. मोबाइलमधून अखंड चाललेली तुलना हा त्याचा आजचा नमुना होय. दुसऱ्याचे यश, दुसऱ्याची गाडी, दुसऱ्याचा निकाल हेच सतत चिन्त्य झाले की स्वतःच्या स्थितीचे यथार्थ ज्ञान राहत नाही. पैसे लावून खेळण्याच्या खेळांत घरून आलेली रक्कम घालवलेली मुलेही मी पाहिली आहेत. २०२५ मध्ये केंद्र सरकारने अशा खेळांना कायद्याने मनाई केली आहे, तरी त्यात झालेले कर्ज आणि ते लपवण्याची लाज मागे राहते.

५. परिणाम अर्थात काल : ग्रीष्म हा आदानकालाचा शेवट, बल सर्वांत क्षीण असण्याचा काळ. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो आणि त्याच सुमारास उन्हाळी सत्राच्या परीक्षा असतात. पत्र्याच्या खोलीत रात्रीही झोप येत नाही. पावसाळ्यात वर्धेला पूर आला की बल्लारपूरकडचा रस्ता बंद पडतो आणि एसटीच्या पासवर ये-जा करणाऱ्यांचे वर्ग बुडतात. २०२० मध्ये कोविडमुळे महाविद्यालये बंद झाली, तेव्हा पहाडावर मोबाइलला संपर्क मिळत नव्हता. त्या काळात अकरावी-बारावी केलेल्या अनेकांचा पाया कच्चा राहिला आणि त्याचे फळ पदवीच्या वर्गात दिसले.

६. अर्थ आणि भाषा : हे दोन हेतू ग्रंथात या नावाने सापडणार नाहीत, पण शोक, भय व विषाद यांचे मूळ अनेकदा येथेच असते. अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आणि अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांना तिचा आधार असतो. परंतु रक्कम हाती येण्याआधी घरमालक, मेसवाला आणि झेरॉक्सवाला दारात उभे असतात. भाषेचे ओझे त्याहून अदृश्य आहे. घरी कोलामी किंवा गोंडी, शाळेत मराठी आणि महाविद्यालयात इंग्रजी पुस्तक. वर्गात न समजलेले विचारायचे कोणत्या भाषेत, हाच प्रश्न असतो. मौन वाढत जाते आणि शिक्षक त्याला अनास्था समजतात.

सूत्रस्थानातील अग्र्यसंग्रहात रोग वाढविणाऱ्या कारणांत विषादाला अग्रस्थान दिले आहे, तर तृप्ती देणाऱ्यांत हर्षाला. वरील सहा हेतू एकत्र आले की विषाद निर्माण होण्यास आणखी कशाची गरज उरत नाही.

रुग्णपरीक्षा

आमच्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी मनाचा आजार शरीराची भाषा बोलत येतो. अग्निमांद्य, शिरःशूल, अंगमर्द, हृद्द्रव, अनिद्रा, दौर्बल्य यांपैकी काही दोन आठवड्यांहून अधिक टिकले असेल, तर पुढील प्रश्न विचारण्याची मी आता सवय लावून घेतली आहे.

राहतोस कुठे आणि कोणाबरोबर? काल रात्री काय जेवलास? झोपलास किती वाजता, उठलास किती वाजता? पेपर राहिले आहेत का आणि ते घरी माहीत आहे का? कोणाचे पैसे देणे आहे का? पूर्वी ज्यात आनंद वाटायचा, त्यात आता वाटतो का? मन मोकळे करावे असे एखादे माणूस आहे का?

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आणि सर्वांत आवश्यक : जगू नये असे कधी मनात येते का? असे विचारल्याने तो विचार बळावतो, ही समजूत निराधार आहे. उलट कोणीतरी विचारले म्हणून रुग्णाला हायसे वाटते. हा प्रश्न पालकांसमोर विचारू नये. रुग्णाला एकट्याला घेऊन, आवाज खाली ठेवून, पण स्पष्ट शब्दांत विचारावा. आवडत्या वस्तू वाटून टाकणे, निरवानिरवीची भाषा, दीर्घ अस्वस्थतेनंतर अचानक आलेली शांतता ही धोक्याची लक्षणे होत.

त्याचबरोबर शारीरिक कारण सुटता कामा नये. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण आढळतात. पांडुता, थायरॉइडचे विकार, दीर्घ ज्वर यांमुळेही उदासी व थकवा येतो. हिमोग्लोबिन, सिकलसेल व थायरॉइडच्या चाचण्या करून घ्याव्यात. सिकलसेलच्या वेदनांमुळे वारंवार गैरहजर राहणाऱ्या विद्यार्थ्याला आळशी ठरवले जाते, हेही मी पाहिले आहे.

चिकित्साविचार

दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय या त्रिविध चिकित्सेपैकी येथे सत्त्वावजयाला प्राधान्य आहे. अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह हे त्याचे स्वरूप. पण निग्रह करायला सांगणे म्हणजे ‘जास्त विचार करू नकोस’ असे म्हणणे नव्हे. मानस दोषांच्या शमनासाठी ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी हे उपाय सांगितले आहेत आणि त्यांचे व्यवहारात रूपांतर करता येते. राहिलेला पेपर पुन्हा देता येतो, त्याची मुदत अमुक आहे, हे समजावणे म्हणजे ज्ञान. घरी सांगताना मी सोबत बसतो, असे म्हणणे म्हणजे धैर्य. पूर्वी एखादे संकट त्याने कसे निभावले याची आठवण करून देणे म्हणजे स्मृती. उन्मादचिकित्सेत इष्ट वस्तूच्या नाशाने पीडित झालेल्याला सांत्वन व आश्वासन द्यावे असे म्हटले आहे. ते आश्वासन पोकळ नसावे. एका विद्यार्थ्याच्या घरमालकाशी बोलून मी भाड्याला महिन्याची मुदत मागून घेतली. त्या रात्री तो झोपला. ती चिकित्सा नव्हती असे मला म्हणवत नाही.

उपस्तंभांची पुनर्स्थापना हा दुसरा भाग. झोपेची व उठण्याची वेळ आधी निश्चित करावी. रात्री पादाभ्यंग, शक्य असल्यास कोमट दूध, झोपण्यापूर्वी तासभर मोबाइल दूर. दोन वेळचे साधे जेवण मिळते की नाही हे प्रत्येक भेटीत विचारावे. खर्रा एकदम सुटत नसेल तर संख्या लिहून कमी करावी.

औषधांपैकी मण्डूकपर्णी, यष्टीमधु, गुडूची व शंखपुष्पी ही मेध्य रसायने चरकसंहितेत वर्णिली आहेत. सौम्य अवस्थेत, अग्नीचा विचार करून, वरील उपायांच्या जोडीला त्यांचा उपयोग करावा. मात्र काही पथ्ये आपणही पाळली पाहिजेत. यष्टीमधु दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढू शकतो. अश्वगंधेच्या सेवनानंतर यकृताला बाधा झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर ती विचारपूर्वक द्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, मानसोपचारतज्ज्ञांनी सुरू केलेली औषधे आपण बंद करू नयेत व रुग्णाला बंद करू देऊ नयेत. त्यांचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात. त्या मधल्या काळात रुग्ण औषध सोडून आपल्याकडे येतो, तेव्हा त्याला परत पाठवणे हेच आपले काम.

मर्यादा आणि संदर्भसेवा

आत्महत्येचा विचार, भास-भ्रम, अन्न-पाणी सोडणे, अभ्यास व दैनंदिन व्यवहार पूर्ण थांबणे, व्यसनाचा अतिरेक यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. चंद्रपूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि गरज पडल्यास नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय ही आमची ठिकाणे. केवळ चिठ्ठी देऊन भागत नाही. कोण सोबत जाणार, कोणत्या गाडीने जाणार, हे ठरवूनच रुग्णाला उठवावे. रात्री-अपरात्री बोलण्यासाठी १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित असल्याचे आढळले. त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तथापि आमच्या भागातील चित्र याहून फार निराळे असेल असे अनुभवावरून वाटत नाही. हे वंचित रुग्ण कोणाच्या तरी दारात जातातच. ते दार बहुधा आपले असते.

कायद्याची भीतीही दूर केली पाहिजे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. ‘पोलीस केस होईल’ म्हणून रुग्ण लपवणाऱ्या पालकांना हे समजावून सांगावे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या मार्गदर्शक निर्देशांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असणे आवश्यक आहे, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संपर्कव्यवस्था ठेवावयाची आहे. निर्देश खोलीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. तोपर्यंत तालुक्यातील प्रत्येक सभासदाने एक महाविद्यालय किंवा एक वसतिगृह आपले मानावे आणि महिन्यातून एक सायंकाळ तेथे जाऊन बसावे, अशी विनंती आहे. भाषण नको, नुसते बसावे. मुले बोलतात.

उपसंहार

विद्यार्थ्याचे मन त्याच्या खोलीपासून, ताटापासून, झोपेपासून आणि खिशापासून वेगळे काढता येत नाही. शरीर व सत्त्व यांना परस्परांचे अनुवर्ती मानणाऱ्या आपल्या शास्त्राला हे नवीन नाही. नवीन करावयाचे ते एवढेच की, भूक लागत नाही म्हणून आलेल्या मुलाला दीपन-पाचन लिहून देण्यापूर्वी काल रात्री काय जेवलास, हे विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे. माझ्या त्या रुग्णाला तीन भेटींत मी तीन औषधे दिली. तो प्रश्न मात्र एकदाही विचारला नाही.